कंपनीतून सर्व्हिस होऊन आलेलं सेकंडहँड एअर पिस्तूल: घेताना काय बघायचं आणि पहिले काही आठवडे कसं शूट करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे की दहा मीटर एअर पिस्तूल क्लबच्या पिस्तुलावर शिकून झालंय, ६० शॉटचा स्कोअर ५४० च्या आसपास अडकलाय, आता स्वतःचं पिस्तूल घ्यायचंय आणि समोर दोन पर्याय आहेत. एक कोरं करकरीत पण खालच्या श्रेणीतलं. दुसरं वरच्या श्रेणीतलं मॅच पिस्तूल, म्हणजे स्पर्धेसाठी बनवलेलं, आठ-नऊ वर्षं जुनं, बनवणाऱ्या कंपनीनेच परत घेऊन, उघडून, दुरुस्त करून पुन्हा विकायला काढलेलं. कुठलं घ्यावं, आणि जुनं घेतलं तर त्यात काय तपासावं?

दुसरं घ्या. आता हे इतक्या ठामपणे का सांगतोय ते आधी सांगतो, मग अटी सांगतो, कारण अटी आहेत आणि त्या पाळल्या नाहीत तर कोरं घेतलेलं बरं.

मॅच एअर पिस्तुलात झिजतं काय ते बघा. लोकांना वाटतं बॅरल झिजते. बारूदवाल्या पिस्तुलात ते काही प्रमाणात खरं आहे, तिथे उष्णता असते, जळणारा गॅस असतो, गोळीवर तांब्याचं आवरण असतं. इथे नुसत्या दाबलेल्या हवेवर अर्ध्या ग्रॅमचा मऊ शिशाचा पेलेट सेकंदाला साधारण दीडशे मीटर वेगाने जातो, स्टीलला त्याचं काहीच नाही. बॅरलचं तोंड कुणी आपटलं नसेल किंवा चुकीच्या रॉडने खरवडलं नसेल तर ती तुमच्या सगळ्या करिअरला पुरून उरते. झिजतात ते रबराचे सील, व्हॉल्व्हची सीट, रेग्युलेटरच्या (सिलिंडरचा दाब कमी करून एकसारखा ठेवणारा भाग) आतल्या वायसर, हॅमरची स्प्रिंग, आणि ट्रिगरमध्ये एकमेकांवर घासणारे ते दोन छोटे पृष्ठभाग. म्हणजे जे झिजतं ते सगळं बदलता येण्यासारखं आहे, आणि कंपनीच्या बेंचवर पिस्तूल गेलं की तिथे नेमकं हेच बदलतात. श्रेणीतला फरक मात्र बदलून येत नाही. ट्रिगरची रचना, साइटची, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या-मागच्या खुणांची, बारीक अॅडजस्टमेंट, ग्रिपचा कोन फिरवायची सोय, शॉटचा झटका खाणारा अॅबसॉर्बर, या गोष्टी खालच्या श्रेणीत एकतर नसतात नाहीतर अर्धवट असतात.

आता पहिली अट. सर्व्हिस नक्की कुणी केली? बनवणाऱ्या कंपनीने किंवा तिने नेमलेल्या सर्व्हिस सेंटरने केली असेल तर त्याचा कागद असतो, त्यावर पिस्तुलाचा सिरीयल नंबर असतो, काय काय बदललं ते असतं आणि तारीख असते. सोबत नवीन टेस्ट टार्गेट असतं, म्हणजे पिस्तूल घट्ट पकडीत बसवून दहा मीटरवर मारलेला ग्रुप, म्हणजे लागोपाठच्या शॉटच्या भोकांचा पुंजका. या टेस्ट कार्डवरची तारीख सर्व्हिसनंतरची आहे का हे आवर्जून बघा. बरेचदा मूळ पिस्तुलाबरोबर आलेलं जुनंच कार्ड बॉक्समध्ये असतं आणि तेच दाखवलं जातं, त्यात फसवायचा हेतू असेलच असं नाही पण त्या कार्डाचा तुम्हाला उपयोग शून्य, कारण ते पिस्तूल नवं असतानाचं आहे. विक्रेता नुसतं तोंडी सांगत असेल की सर्व्हिस झालीये, सगळं ओके आहे, तर ते साधं सेकंडहँड समजा आणि त्याच हिशोबाने बोला.

हे पिस्तूल आलं कुठून हेही विचारा. साधारण तीन ठिकाणांहून येतात: मॅचच्या वेळी स्टॉलवर लोकांना हाताळायला ठेवलेली डेमो पिस्तुलं, ट्रेनिंग सेंटरने लॉटमध्ये परत दिलेली, आणि नवीन मॉडेल घेताना शूटरने बदल्यात दिलेली. ट्रेनिंग सेंटरचं म्हटलं की लोक नाक मुरडतात, खूप शॉट झालेत म्हणून. मला उलट त्याची भीती कमी वाटते. रोज वापरात असलेलं पिस्तूल नियमित सर्व्हिसला गेलेलं असतं, आणि हलणारे सील जिवंत राहतात. जास्त जपून घ्यावं लागतं ते कपाटात चार-पाच वर्षं पडून राहिलेलं, जेमतेम दोन-तीन हजार शॉट झालेलं, आरशासारखं चमकणारं पिस्तूल, कारण आतलं रबर न वापरताच कडक झालेलं असतं. कंपनीने सील बदलले असतील तर तोही प्रश्न मिटतो. पण बाहेरच्या चमकीवरून काही ठरवू नका, ग्रिपजवळ घामाने उडालेला रंग किंवा बॉडीवरचे ओरखडे यांचा ग्रुपिंगशी काडीचा संबंध नाही.

एक गोष्ट पटकन सांगून पुढे जातो. रिफर्बिश्ड म्हणून कधीकधी जुन्या सीओटू गॅसवरची मॅच पिस्तुलं पण समोर येतात, दिसायला सुंदर, बनावट उत्तम, पण ती घेऊ नका. सीओटूचा दाब तापमानाबरोबर पळतो, २० अंशाला साधारण ५७ बार तर ३० अंशाला ७२ च्या आसपास, त्यामुळे सकाळचा आणि दुपारचा झीरो (शॉट मधोमध पडावा म्हणून लावलेली साइट) वेगळा पडतो, शिवाय गॅस भरून मिळणं ही रोजची कटकट. एका स्ट्रोकमध्ये हवा दाबणारी सिंगल स्ट्रोक पिस्तुलं, फाइनवर्कबाउ १०३ सारखी, ही मात्र चांगली चीज आहे, सिलिंडरची भानगडच नाही, सील चांगले असतील तर शॉट-टू-शॉट वेग फार एकसारखा येतो. पण ६० शॉट आणि त्याआधीचे सायटर, म्हणजे स्कोअरमध्ये न धरले जाणारे सरावाचे शॉट, म्हटले की तितक्या वेळा लिव्हर ओढायची, बारीक अंगाच्या ज्युनिअर शूटरचा खांदा त्यात थकतो. आज स्टायर, मोरीनी, वाल्थर, पार्दिनी, फाइनवर्कबाउ यांची जी मॅच पिस्तुलं रेंजवर दिसतात ती जवळपास सगळी हवा भरलेल्या सिलिंडरवरची, म्हणजे पीसीपी, तेव्हा पुढचं सगळं त्याबद्दलच लिहितोय.

सिलिंडर. ही दुसरी अट आणि हिच्यात अजिबात सवलत नाही. सिलिंडरवर तारीख कोरलेली असते आणि आयएसएसएफच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या, नियमात त्याची वैधता जास्तीत जास्त १० वर्षांची आहे, ती तपासायची जबाबदारी शूटरची. आठ-नऊ वर्षं जुन्या पिस्तुलासोबत त्याचाच मूळ सिलिंडर आला तर तुमच्या हातात वर्ष-दोन वर्षांचाच खेळ राहिला. त्यात २०० बार म्हणजे गाडीच्या टायरच्या साधारण नव्वद पट दाब, आणि ही नळी तुमच्या चेहऱ्यासमोर हात लांब करून धरलेली असते, त्यामुळे इथे जुगाड नको. विकत घेताना सरळ विचारा की सिलिंडर नवीन देताय का, आणि नसेल तर नव्या सिलिंडरचे पैसे मनातल्या मनात किमतीत मिळवून मग तुलना करा. शक्यतो दोन घ्या. त्या मॉडेलचा सिलिंडर कंपनी अजून बनवते का हेही त्याच दमात विचारा, कारण मॉडेल बंद झालं तरी चालतं पण सिलिंडर बंद झाला तर पिस्तूल शोभेची वस्तू होते. सिलिंडर बसवायची आटी आणि भरायचा दाब मॉडेलप्रमाणे वेगळा असतो, काहींचा २०० बार, काहींचा ३००, सिलिंडरवर लिहिलाय तेवढाच भरायचा.

भरण्याबद्दल दोन ओळी, कारण नवीन माणसाला हे कुणी सांगत नाही. फक्त कोरडी, फिल्टर केलेली हवा. ऑक्सिजन कधीही नाही, वेल्डिंगवाल्याकडे आहे म्हणून नाही आणि थोडासाच म्हणूनही नाही, ग्रीस आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की स्फोट होतो. हळू भरा, सिलिंडर गरम लागला तर थांबा. हातपंप वापरत असाल तर त्याचा पाणी काढायचा व्हॉल्व्ह मधेमधे उघडा, नाहीतर ते सगळं ओलं रेग्युलेटरमध्ये जातं. एका भरलेल्या सिलिंडरवर साधारण दीडशे ते दोनशे शॉट होतात.

आता पिस्तूल प्रत्यक्ष समोर आलं की काय करायचं. आधी ब्रीच, म्हणजे पेलेट भरायची जागा, उघडून आत पेलेट नाही हे स्वतःच्या डोळ्याने बघा, विक्रेत्याने आत्ता दाखवलं असलं तरी, आणि तोंड कायम सुरक्षित दिशेला. मग लीक. सिलिंडर लावा, गेजवरचा आकडा लिहून ठेवा, एक शॉट करा म्हणजे आत हवा खेळते, परत आकडा लिहा आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तसंच ठेवा. काटा थोडा हलला की लोक घाबरतात, पण खोली १० अंशांनी गार झाली तर २०० बारवरचा काटा नुसत्या थंडीने सात बारच्या आसपास खाली येतो, त्यामुळे त्याच खोलीत, त्याच वेळेला, तशाच तापमानाला बघा. एवढा वेळ देत नसतील तर निदान अर्धा तास ठेवा आणि जोडावर साबणाचं पाणी बोटाने लावून बुडबुडे बघा. कानाजवळ धरून ऐकायचं असेल तर बॅरलचं तोंड कुणाकडे, स्वतःकडेही, होता कामा नये.

मग क्रोनोग्राफ, म्हणजे पेलेटचा वेग मोजायचं यंत्र, मिळाला तर उत्तम. दहा शॉट मारा, सगळ्यात वेगवान आणि सगळ्यात हळू यांच्यातला फरक तीन-चार मीटर प्रति सेकंद असेल तर समाधानाने मान हलवा. यावर फार रक्त आटवणारे लोक मी बघितलेत म्हणून हिशोब देतो. दीडशे मीटर वेगाला दहा मीटर जाताना पेलेट साधारण २२ मिमी खाली येतो, वेग तीनने कमी झाला तर अजून जेमतेम एक मिमी. एका मिमीने तुमचा दहा जात नाही. पण एक दोष मात्र याच वेळी पकडायचा असतो, रेग्युलेटर सरकतो त्याचा. म्हणजे काय तर पिस्तूल तासभर ठेवून मारलेला पहिला शॉट बाकीच्यांपेक्षा दहाएक मीटरने जास्त वेगात जातो, कारण रेग्युलेटर पूर्ण बंद होत नाही आणि आतला दाब हळूहळू चढत राहतो. दहा मीटरचा फरक म्हणजे टार्गेटवर तीन मिमी, आणि मॅचमध्ये तुम्ही पिस्तूल खाली ठेवून दोन-तीन मिनिटं विश्रांती घेता त्यानंतरचा शॉट वर का जातो हे तुम्हाला कधीच कळणार नाही, तुम्ही स्वतःला दोष देत बसाल. म्हणून दहा शॉट सलग मारल्यावर थांबा, चहापाणी करा, परत येऊन एकच शॉट मोजा. कंपनीने नीट सर्व्हिस केलेल्या पिस्तुलात हे दिसायला नको. दिसलं तर सरळ परत द्या, ते त्यांचं काम आहे.

ट्रिगर. नियमाने कमीत कमी ५०० ग्रॅम. बॅरल उभी धरून ट्रिगरला ५०० ग्रॅमचं वजन अडकवून उचललं तर ते उचललं गेलं पाहिजे, शॉट सुटता कामा नये, आणि हे सिलिंडर लावून, हवा आत असताना करायचं. वजन बरोबर ५०० वर ठेवू नका, पाच-दहा ग्रॅम वर ठेवा, मॅचच्या टेबलावर हुज्जत नको. वजनापेक्षा मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते दुसरी स्टेज. पहिली स्टेज, म्हणजे ट्रिगरची सुरुवातीची हलकी ओढ, ओढून भिंतीला, म्हणजे दुसरी स्टेज सुरू होते त्या अडथळ्याला, टेकवा, थांबा, सोडून द्या, परत ओढा, असं वीस-पंचवीस वेळा करा. ती भिंत दर वेळी त्याच जागी, तितकीच स्पष्ट लागली पाहिजे. कधी लागते, कधी लागत नाही, कधी भिंतीवर टेकलेलं असताना बारीक सरकल्यासारखं वाटतं, असं असेल तर सीअर (हॅमर अडवून धरणारा ट्रिगरमधला खटका) झिजलाय किंवा कुणीतरी स्क्रूशी खेळलंय. स्क्रू असेल तर कंपनीच्या सेटिंगवर आणून परत बघा. सीअर असेल तर नको. इलेक्ट्रॉनिक ट्रिगर असेल तर सेल बदलून बघा, संपर्काच्या जागी हिरवट गंज आहे का बघा, आणि तो सर्किट बोर्ड सुटा मिळतो का हे विचारून ठेवा.

बिघाड नव्या-जुन्याकडे बघून होत नाही हेही ध्यानात असू द्या. टोकियो ऑलिम्पिकमध्ये, २०२१ च्या जुलैत, मनू भाकरचं पिस्तूल क्वालिफिकेशनच्या मधेच बंद पडलं होतं, त्यात मिनिटं गेली, ती ५७५ वर थांबली आणि फायनल हुकली. तिच्याकडे जगातलं सगळ्यात चांगलं सामान होतं, सपोर्ट होता, तरी झालं. आणि २०२४ ला पॅरिसला याच १० मीटर एअर पिस्तूलमध्ये तिने वैयक्तिक आणि मिक्स्ड अशी दोन ब्राँझ घेतली. तेव्हा रिफर्बिश्ड म्हणजे बिघडणारं आणि नवं म्हणजे न बिघडणारं असा हिशोब धरू नका, बिघडल्यावर पार्ट किती दिवसात हातात येतो हा हिशोब धरा. विकत घेण्याआधी सर्व्हिस सेंटरला एक मेल टाका, सिरीयल नंबर द्या, सील किट आहे का विचारा. उत्तर यायला किती वेळ लागतो त्यातच तुम्हाला पुढचं कळेल.

साइट पटकन. रिअर साइट बोटाने हलवून बघा, ढिली लागता कामा नये. मग पिस्तूल कशावर तरी टेकवून एक ग्रुप मारा, दहा क्लिक वर, ग्रुप, दहा उजवीकडे, ग्रुप, दहा खाली, ग्रुप, दहा डावीकडे, आणि शेवटचा ग्रुप पहिल्यावर येऊन पडला पाहिजे. येत नसेल तर क्लिकमध्ये खेळ आहे.

आता ग्रिप, आणि इथे मी जरा जास्त वेळ घेणार आहे कारण कंपनी बाकी सगळं दुरुस्त करून देते, ग्रिप मात्र तुमच्या हातासाठी कुणीच दुरुस्त करून देत नाही.

जुन्या पिस्तुलाबरोबर दोन प्रकारच्या ग्रिप येतात. एक, कंपनीने नवीन लावलेली, एस, एम, एल मधली कुठलीतरी. दोन, आधीच्या शूटरने कोरलेली, त्यावर पुट्टीचे थर चढवलेली. दुसरी हातात धरली की पहिल्या मिनिटाला भारी वाटते, सगळीकडे भरीव लागतं, आणि तिथेच लोक भुलतात. तो आकार दुसऱ्याच्या हाताचा आहे, त्याच्या अंगठ्याच्या मुळाशी असलेला खड्डा तुमच्याकडे नाही, तुमचं बोट त्याच्या बोटापेक्षा अर्ध्या सेंटीमीटरने लांब असेल तर ट्रिगरवर पेरच चुकीचं बसतं. माझ्याकडे शिकणाऱ्या एका मुलीचे शॉट सारखे डावीकडे आणि खाली जायचे, तिच्या सगळ्या मेहनतीनंतरही, आणि कारण एवढंच निघालं की तिने घेतलेल्या ग्रिपचा तळवा मोठ्या हाताचा होता, तिला ट्रिगरपर्यंत पोचायला मनगट आत वळवावं लागत होतं. ग्रिप बदलली, पिस्तूल तेच राहिलं.

म्हणून शक्यतो आपल्या मापाची नवीन कोरी ग्रिप मागा आणि ती स्वतःच्या हाताला बसवून घ्या. तपासायची पद्धत साधी आहे. पिस्तूल रिकामं, टार्गेटच्या दिशेने उभे राहा, डोळे मिटा, हात वर घेऊन नैसर्गिक स्थिरावू द्या, डोळे उघडा. फ्रंट साइट रिअरच्या खाचेत मधोमध दिसली पाहिजे. दर वेळी ती डावीकडे दिसत असेल, किंवा खाचेत बुडालेली दिसत असेल, तर मनगटाने सुधारू नका, ग्रिपचा कोन बदला, वरच्या श्रेणीच्या पिस्तुलात त्यासाठी स्क्रू दिलेले असतात आणि त्यासाठीच तर आपण ते घेतोय. मग खालचा तळवा, म्हणजे पाम शेल्फ, इतका वर घ्या की हात टेकेल पण चिमटणार नाही. पुट्टी लावायची तर थोडी लावा, हात किंचित ओला करून धरा, वाळू द्या, आठवडाभर शूट करा, मग कानशीने कमी करा. घाई करू नका. आणि लक्षात ठेवा, पूर्ण पिस्तूल ४२० × २०० × ५० मिमीच्या डब्यात बसलं पाहिजे, वजन १५०० ग्रॅमच्या आत पाहिजे, पाम शेल्फचा कोन ग्रिपशी ९० अंशापेक्षा कमी होता कामा नये. वजनाची अडचण सहसा येत नाही, बहुतेक पिस्तुलं किलोभराच्या आसपास असतात. अडचण येते ती ५० मिमी रुंदीची, आधीच्या मालकाच्या पुट्टीमुळे. घेण्याआधी पट्टीने मोजा.

पेलेट. टेस्ट कार्डवर कुठल्या पेलेटने ग्रुप मारलाय ते लिहिलेलं असतं, तिथून सुरुवात करा. पेलेटच्या डोक्याचा व्यास ४.४९, ४.५०, ४.५१ मिमी असा वेगवेगळा येतो आणि एखाद्या बॅरलला एखादा जास्त मानवतो हे खरं आहे. पण हे पडताळायला पिस्तूल पकडीत बसवावं लागतं. हाताने उभं राहून मारलेल्या ग्रुपवरून पेलेट निवडणं म्हणजे स्वतःच्या थरथरीतून निष्कर्ष काढणं. ५४० च्या स्कोअरला कुठलाही चांगला मॅच पेलेट, एकच ब्रँड, एकच माप, आणि डबे एकाच बॅचचे, एवढं पुरे. शिसं आहे, रेंजवरून उठल्यावर हात साबणाने धुवा, मधे त्याच हाताने काही खाऊ नका, विशेषतः मुलांच्या बाबतीत याकडे लक्ष द्या.

आता पिस्तूल घरी आलं. पहिले दोन आठवडे फार शॉट मारायचेच नाहीत, ड्राय करायचं, म्हणजे पेलेट न भरता नुसता ट्रिगर ओढायचा सराव. या पिस्तुलांना ड्राय फायरची सोय दिलेली असते, हवा न सोडता ट्रिगर खरा वाटतो, पण दर वेळी ब्रीच तपासायचं आणि घरात पेलेटचा डबा त्या खोलीत ठेवायचाच नाही. कोऱ्या पांढऱ्या भिंतीसमोर उभं राहायचं, टार्गेट नको. डोळ्याचा फोकस फ्रंट साइटवर, तिच्या दोन्ही बाजूंना सारखा उजेड, वरची कड रिअरच्या कडेला समतल, आणि ट्रिगर सुटताना हे चित्र हलतं का तेवढंच बघायचं. हे का सांगतोय त्याचं गणित ऐका. फ्रंट आणि रिअर साइटमधलं अंतर साधारण एक तृतीयांश मीटर आणि टार्गेट दहा मीटरवर, म्हणजे साइटच्या आपसातल्या चुकीला तीसने गुणायचं. फ्रंट साइट खाचेत एक मिमी सरकली तर टार्गेटवर ३० मिमी, म्हणजे सातच्या काठावर. आणि साइट एकमेकींशी नीट जुळलेल्या असताना सगळा हात मिळून १० मिमी भटकला तर टार्गेटवर तेवढेच १० मिमी, म्हणजे चांगला नऊ. दहाचं वर्तुळ ११.५ मिमीचं आहे, लोक त्या आकड्याला घाबरून टार्गेटकडे बघत बसतात आणि साइट सोडून देतात. नव्या पिस्तुलाबरोबर हे जास्त होतं कारण भोक कुठे पडतंय हे बघायची उत्सुकता असते.

मग झीरो. नेम टार्गेटच्या काळ्या गोलाच्या खाली, पांढऱ्या जागेत धरा, काळ्याच्या कडेला टेकवून नको, कारण कड आणि फ्रंट साइट दोन्ही काळ्या, एकमेकींत मिसळतात. पाच-पाच शॉटचे ग्रुप मारा आणि ग्रुपचा मध्य बघून क्लिक द्या, एकेका शॉटमागे धावू नका. पहिल्या काही दिवसांत झीरो रोज थोडा इकडेतिकडे जाईल, त्यात पिस्तुलाचा दोष नाही, तुमची पकड अजून त्या ग्रिपवर बसतेय. रोज आल्यावर कुठे पडतंय ते वहीत लिहा. तीनेक आठवड्यांनी ते एका जागी यायला लागतं.

या काळात बाकी सगळे स्क्रू विसरा. हे मी अगदी विनवून सांगतो. वरच्या श्रेणीच्या पिस्तुलाला दहा-बारा अॅडजस्टमेंट असतात आणि हातात अॅलन की आली की रोज संध्याकाळी एक स्क्रू फिरवायचा मोह होतो, ट्रिगर जरा मागे, दुसरी स्टेज जरा हलकी, खाच जरा रुंद, आणि महिन्याने कुणालाच माहीत नसतं की मूळ सेटिंग काय होतं. आल्या दिवशी सगळ्या सेटिंगचे फोटो काढा, कुठला स्क्रू किती फिरवला तर वहीत लिहा, आणि ग्रिपचं काम पूर्ण होईपर्यंत ट्रिगरला हात लावू नका. ग्रिप बसली की ट्रिगरबद्दलच्या निम्म्या तक्रारी आपोआप जातात, कारण बोट सरळ मागे यायला लागतं.

स्कोअर पहिल्या महिन्यात खाली गेला तर घाबरू नका, क्लबच्या पिस्तुलाची जी सवय लागलीये ती मोडायला तेवढा वेळ जातो. पुढे मात्र एक तपासणी करा: वॉरंटी संपायच्या आधी, पिस्तूल पकडीत बसवून दहा शॉटचा ग्रुप पुन्हा काढा आणि टेस्ट कार्डशेजारी ठेवून बघा. कार्डावरचा ग्रुप एकमेकांत मिसळलेल्या एकाच भोकासारखा दिसतो, तुमचाही साधारण तसाच दिसला पाहिजे. फाकला असेल तर आधी बॅरलमधून फेल्टचे क्लीनिंग पेलेट चार-पाच ढकला, बॅरलचे आणि कॉम्पेन्सेटरचे (बॅरलच्या तोंडाशी बसवलेला भाग) स्क्रू घट्ट आहेत का बघा, पेलेटची बॅच बदलली होती का आठवा, आणि तरीही फाकत असेल तर मुदत आहे तोवरच परत पाठवा.

सीलना पेट्रोलियमचं तेल लावू नका, कंपनी सांगते तेच सिलिकॉन ग्रीस, तेही नखाएवढं. सिलिंडर पूर्ण रिकामा करून महिनोन्महिने ठेवू नका, थोडी हवा आत राहू द्या. विमानाने जाताना मात्र सिलिंडर पूर्ण रिकामा करून, पिस्तुलापासून काढून, एअरलाइनला आधी कळवून न्यायचा. सर्व्हिसला पाठवतानाही तसंच, सिलिंडर काढून, ब्रीचमध्ये सेफ्टी फ्लॅग (पिस्तूल रिकामं असल्याची खूण) लावून, आणि सोबत त्या वहीतलं पान, काय बिघडलंय आणि कधीपासून ते लिहून, म्हणजे बेंचवरच्या माणसाला अंदाजाने उघडावं लागत नाही.